अरेंजर कीबोर्ड लाइव्ह कार्यक्रमात कसा वाजवायचा: आधी नंबर, मग पट्टी, मग फ्रीझ

अरेंजर कीबोर्ड म्हणजे डाव्या हातानं कॉर्ड धरला की ताल-बाससकट साथ स्वतः वाजवणारा कीबोर्ड, त्या तयार साथीला स्टाइल म्हणतात. स्टँड, पेडल, अडॅप्टर तुम्ही नेणारच, त्यावर बोलत नाही. फक्त अडॅप्टरच्या वायरीचा एक वेढा स्टँडला मारा, कुणाचा पाय अडकला तरी पिन निघत नाही. साउंडवाल्याकडं एकच चॅनल असेल तर एकच वायर मागच्या एल-मोनो लिहिलेल्या भोकात लावा, बास. लाइट जाऊन आली की आधी ट्रान्सपोज, म्हणजे अख्खी पट्टी वर-खाली सरकवायची सोय, बघा, ते शून्यावर आलेलं असतं.

घरूनच सिंक स्टॉप बंद करून निघा, नाहीतर डावा हात उचलला की ताल गप्प. ओटीएस लिंक (स्टाइलबरोबर आवाज आपोआप बदलणारी सोय) पण बंद, स्टाइलच्या मेन ए प्रकारावरून बी वर गेलं की बासरीचं ट्रम्पेट होतं ते त्याच्यामुळं.

आता बँक, म्हणजे सेव्ह केलेल्या सेटिंगच्या नंबरवाल्या बटणांचा एक संच. प्रत्येक गाण्याची वेगळी सेटिंग सेव्ह करा असं जो तो सांगतो, त्यांनी सोलापुरात एकदा वाजवून दाखवावं. पूर्व भागात तेलुगू फर्माईश येते, अक्कलकोटकडं गेलं की कन्नड, आणि मराठी-हिंदी तर सगळीकडंच, किती गाणी सेव्ह करणार ओ? मी ठेक्यावर बँका केल्यात. केरवा संथ, केरवा पळता, दादरा, लावणीचा वेगळा. एका बँकेत स्टाइल एकच, नंबर फक्त आवाजाचे: एकला स्ट्रिंग, दोनला बासरी, तीनला सितार, चारला मँडोलिन. गाणं कुठल्या का भाषेतलं असेना, ठेका ओळखला की बँक सापडते.

आता जिथं माझी स्वतःची लाज गेलीय ते सांगतो. जुळे सोलापुरात एक लग्नाचा कार्यक्रम होता, गाणाऱ्या ताईंची पट्टी काळी चार. मी पांढरी एकवरनं वाजवतो म्हणून ट्रान्सपोज वजा चार केलं, मुखडा झकास झाला, अंतऱ्याआधीच्या पीसला बासरी पाहिजे म्हणून दोन नंबर दाबला, आणि पट्टी एकदम चार सूर वर उडाली, वर लय पण बदलली. ताई माइक खाली घेऊन म्हणाल्या, "अहो दादा, पट्टी कुठं गेली?" ढोलकीवाला हसतोय, मी घामाघूम.

झालं काय, तर नंबर दाबला की नुसता आवाज बदलत नाही, सेव्ह करताना जे जे होतं ते सगळं परत येतं: स्टाइल, टेम्पो, ट्रान्सपोज, सगळं. घरी सेव्ह करताना ट्रान्सपोज शून्यच असणार की. यावर औषध फ्रीझ, म्हणजे नंबर दाबला तरी निवडलेल्या गोष्टी जागच्या जागी धरून ठेवायची सोय. यामाहाच्या बऱ्याच मॉडेलात आहे, बटण नसलं तर फंक्शनच्या मेनूत सापडतं. त्यात स्टाइल, टेम्पो आणि ट्रान्सपोज एवढंच निवडा, आवाज निवडू नका, नाहीतर नंबर दाबून काहीच होणार नाही आणि तुम्ही कीबोर्ड बिघडला म्हणून शिव्या घालत बसाल.

पण फ्रीझ चालू राहिलं तर पुढच्या गाण्याला ठेका बदलत नाही, आणि हे माझ्या डोक्यात बसायला बरेच कार्यक्रम गेले. म्हणून क्रम सोडायचा नाही. गाणं संपलं, फ्रीझ बंद. नवी बँक, नंबर एक. मग गाणाऱ्याला पट्टी विचारून ट्रान्सपोज. मग लय टॅप करून घ्या. सगळ्यात शेवटी फ्रीझ चालू. पट्टी आधी लावून नंतर नंबर दाबला तर पट्टी गेलीच म्हणून समजा. मी कीबोर्डवर चिकटपट्टी लावून त्यावर "नंबर, पट्टी, लय, फ्रीझ" लिहिलंय, लोक हसतात, हसू दे.

आणि ट्रान्सपोज वापरणारा कच्चा वादक असं कुणी म्हणालं तर त्याला विचारा, पट्ट्या सरकवून स्वर बदलता येणारी स्केल चेंजर पेटी वाजवणारे पण कच्चेच का?

ढोलकी किंवा तबला सोबत असेल तर स्टाइलचे रिदमचे दोन्ही पार्ट म्यूट. मशीन लय सोडत नाही, ढोलकीवाला रंगात आला की पळतोच, आणि दोघं भांडायला लागले की शिव्या कीबोर्डवाल्यालाच. बास गिटार असेल तर बास पण म्यूट.

फिल, म्हणजे मधे टाकायचा तालाचा छोटा तुकडा, बारच्या (मात्रांच्या एका गटाच्या) शेवटापर्यंतच चालतो, पूर्ण पाहिजे तर पहिल्या मात्रेलाच दाबा.

भावगीताला एंडिंगचं बटण नकोच, शेवटच्या समेला स्टॉप दाबून स्ट्रिंगचा कॉर्ड धरून ठेवा. नाचाच्या गाण्याला मात्र एंडिंग बिनधास्त लावा, आणि यामाहात ते चालू असताना परत दाबलं की लय हळूहळू उतरत जाते, पोरांना पण कळतं की गाणं संपलंय.