रेप्लिकेशनच्या वेट इव्हेंटची वर्गवारी करताना या चुका टाळा

पोस्टग्रेस डेटाबेसच्या पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीमध्ये, म्हणजे चालू प्रोसेस दाखवणाऱ्या व्ह्यूमध्ये, एखादी प्रोसेस कशासाठी तरी थांबलेली दिसली (थांबण्याच्या कारणाचं नाव म्हणजे वेट इव्हेंट), की हात आधी अलर्ट लावायला जातो. माझाही गेला होता. रात्रभर डॅशबोर्डवर ‘वॉलसेंडरमेन’ लाल. वॉलसेंडर म्हणजे मुख्य सर्व्हरवरच्या (प्रायमरी) बदलांची नोंद, म्हणजे वॉल, प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरकडे (स्टँडबाय) पाठवणारी प्रोसेस. सकाळी पाहिलं तर स्टँडबाय एका बाइटनेही मागे नव्हता. रात्री ट्रॅफिकच नव्हता, त्यामुळे सेंडरला पाठवायला काही नव्हतं आणि तो निवांत बसला होता.

काम नाही म्हणून थांबणं आणि कोणी अडवलं म्हणून थांबणं, हा फरक वर्गवारीत आला नाही तर पुढचं सगळं वाया. वॉलसेंडरमेन, वॉलरिसीव्हरमेन (वॉल घेणारी प्रोसेस), लॉजिकलअप्लायमेन (लॉजिकल रेप्लिकेशनचे बदल लागू करणारी) हे ‘ॲक्टिव्हिटी’ प्रकारातले इव्हेंट पहिल्या जातीचे. त्यांच्यावर अलर्ट नको.

पण म्हणून नुसत्या प्रकारावर विसंबू नका. ‘क्लायंट’ प्रकार घ्या. लॉजिकल रेप्लिकेशनचा (टेबलांतले बदल ओळीनिहाय पाठवण्याची पद्धत) सेंडर ‘वॉलसेंडरवेटफॉरवॉल’वर असेल तर तो बहुधा नव्या वॉलची वाट पाहतोय, म्हणजे मोकळाच आहे. तोच सेंडर सतत ‘वॉलसेंडरराइटडेटा’वर दिसला तर पलीकडची बाजू किंवा नेटवर्क डेटा उचलत नाहीये. प्रकार एक, अर्थ उलटे. वर्गवारी इव्हेंटच्या नावावर आणि बॅकएंड_टाइपवर (प्रोसेस कुठल्या कामाची ते सांगणारा रकाना) करा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘आयपीसी’ (एका प्रोसेसने दुसरीची वाट पाहणं) हा प्रकार गोंगाट समजून गाळून टाकणं. ‘सिंकरेप’, म्हणजे स्टँडबायची पोच येईपर्यंत कमिटने थांबणं, त्यातच राहतो. सिंक्रोनस_स्टँडबाय_नेम्समध्ये (ज्यांच्या पोचेसाठी थांबायचं त्या स्टँडबायची सेटिंगमधली यादी) नाव असलेला एकमेव स्टँडबाय पडला, की प्रायमरीवरचे कमिट सिंकरेपवर अडतात, आणि या थांबण्याला टाइमआउट नाही. सीपीयू शांत, डिस्क शांत, कनेक्शन मात्र भरत चाललेली. शिवाय थांबलेला कमिट आपली लॉक सोडत नाही. मग त्याच ओळींना हात लावणारी बाकीची सेशन ‘लॉक’ प्रकारात दिसायला लागतात. आयपीसी गाळलेलं असलं की ग्राफवर फक्त लॉक उरतात आणि लोक ॲप्लिकेशनचा कोड उसवत बसतात. लॉक कोणी धरलंय ते पाहा; धरणारा सिंकरेपवर असेल तर दुखणं रेप्लिकेशनचं आहे.

अशा वेळी घाबरून अडलेली क्वेरी कॅन्सल केली तर कमिट मागे फिरत नाही! पोस्टग्रेस फक्त इशारा देतो: व्यवहार इथे कमिट झालाय, स्टँडबायवर पोचला असेलच असं नाही. हा इशारा न वाचता ॲप्लिकेशनने तेच इन्सर्ट पुन्हा चालवलं की नोंदी दुप्पट.

सिंकरेप दिसला की पुढची पायरी पीजी_स्टॅट_रेप्लिकेशन, म्हणजे जोडलेल्या स्टँडबायची स्थिती दाखवणारा प्रायमरीवरचा व्ह्यू. स्टँडबायची ओळच नसेल तर तो तुटलाय. असेल तर राइट_लॅग, फ्लश_लॅग, रिप्ले_लॅग (वॉल लिहिण्यात, डिस्कवर पक्की करण्यात, लागू करण्यात झालेला उशीर) यांतला कुठला फुगलाय ते पाहा. सिंक्रोनस_कमिट ‘रिमोट_अप्लाय’वर असेल, म्हणजे स्टँडबायने बदल लागू केल्यावरच कमिट पूर्ण होत असेल, तर गंमत आणखी वेगळी. स्टँडबायवरचा एखादा लांबलचक रिपोर्ट रिप्ले अडवतो आणि कमिट लटकतात प्रायमरीवर. अशा क्वेरीसाठी रिप्लेने किती थांबायचं ते ठरवणारा मॅक्स_स्टँडबाय_स्ट्रीमिंग_डिले मुळात 30 सेकंद असतो; कोणीतरी रिपोर्टवाल्यांच्या सोयीसाठी तो वाढवून ठेवलाय का, हे तपासा.

याच्या उलट टोकालाही फसगत होते. स्टँडबायवर वॉल रिप्ले करणारी स्टार्टअप प्रोसेस एकटीच असते. ती एक सीपीयू पूर्ण खात असेल तर वेट_इव्हेंट नल (रिकामा) दिसतो, आणि लॅग मात्र वाढत जातो. नल म्हणजे सगळं ठीक, असं धरू नका. आणि लॅगचे आकडे शेजारी नसतील तर वेट इव्हेंटचा ग्राफ एकटा ठेवूच नका.

पोस्टग्रेसची आवृत्ती बदलल्यावर वेट इव्हेंटची जुनी यादी तशीच चालवणं ही शांतपणे घात करणारी चूक. आवृत्ती 13 मध्ये जुन्या ‘रिकव्हरीवॉलऑल’चं नाव ‘रिकव्हरीवॉलस्ट्रीम’ झालं. आणि त्याआधी ‘रिकव्हरीवॉलस्ट्रीम’ नावाचा जो इव्हेंट होता, तो ‘रिकव्हरीरिट्रीव्हरिट्रायइंटरव्हल’ होऊन ‘टाइमआउट’ प्रकारात गेला. नाव तेच, अर्थ दुसरा! अलर्टचा नियम तुटत नाही, चुकीचं बोलायला लागतो. आवृत्ती 17 पासून सगळे वेट इव्हेंट दाखवणारा पीजी_वेट_इव्हेंट्स हा व्ह्यू आहे. अपग्रेडनंतर आपली यादी त्याच्याशी जुळवून घ्या.

‘रिकव्हरीअप्लायडिले’ला (स्टँडबायने वॉल ठरवून उशिरा लागू करणं) वेगळा कप्पा द्या, कारण तो उशीर आपणच मुद्दाम लावलेला असतो. आणि यादीत न सापडणारा नवा इव्हेंट ‘मोकळा’ या कप्प्यात आपोआप पडू देऊ नका. तो ‘अडलेला’मध्ये जाऊ दे, एकदा खोटा अलर्ट वाजला तरी चालेल.