सीलिअॅकमध्ये पोळी सोडूनही त्रास थांबत नाही? या चुका टाळा

सीलिअॅक म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होण्याचा आजार. इंदूरच्या मराठी घरात कुणाला त्याचं निदान झालं की ताटातली पोळी लगेच जाते आणि भात, ज्वारीची भाकरी येते. तरी दोन-तीन महिन्यांनी तक्रार तीच: पोट फुगतं, शौचाला पातळ होतं, गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वर सरकत नाही. घरच्यांना वाटतं पथ्याचा उपयोग नाही. खरं तर गहू अजून पोटात जातच असतो, फक्त तो पोळीच्या रूपात दिसत नाही.

तपासणीआधीच गहू बंद करणं

कुणीतरी सुचवतं, गहू बंद करून बघा. बघितल्यावर बरं वाटतं, मग तपासणीला जातात आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. टीटीजी-आयजीए ही प्रतिपिंडं ग्लुटेन पोटात जात असेपर्यंतच रक्तात टिकून असतात. गहू थांबवला की काही महिन्यांत ती उतरतात, आतड्याचं अस्तरही सुधारू लागतं आणि निदान हुकतं. रक्ततपासणी आणि एंडोस्कोपी दोन्ही होईपर्यंत रोजचं जेवण बदलू नका.

गहू आधीच सोडला असेल तर स्वतःच्या मनाने पुन्हा सुरू करू नका. तपासणीसाठी किती आणि किती आठवडे खायचा (साधारण २ ते ८) हे पोटविकारतज्ज्ञ ठरवतात. एचएलए डीक्यू२-डीक्यू८ ही जनुकांची चाचणी मात्र आहारावर अवलंबून नसते. ती निगेटिव्ह आली तर सीलिअॅक जवळपास बाद होतो. पॉझिटिव्ह आली तर त्यावरून काही सिद्ध होत नाही, कारण निरोगी माणसांतही ही जनुकं सर्रास असतात.

टीटीजीबरोबर एकूण आयजीएही (प्रतिपिंडांचा एक प्रकार) मोजून घ्या. ते मुळातच कमी असेल तर टीटीजी-आयजीए खोटी नॉर्मल दिसते. एंडोस्कोपीत लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून एखाद-दुसरा आणि त्यापुढच्या भागातून निदान चार नमुने घेतलेले असावेत, कारण अस्तराची हानी सगळीकडे सारखी नसते. पेशंटचे आईवडील, सख्खी भावंडं आणि मुलं यांचीही टीटीजी करून घ्या. सख्ख्या नात्यात साधारण १० ते २० जणांत एकाला हा आजार निघतो, आणि त्यातल्या अनेकांना पोटाची तक्रारच नसते.

‘एवढ्याशाने काय होतंय?’

इथे हिशेब करून बघा. एका फुलक्याला साधारण २५ ग्राम कणीक लागते आणि त्यात २ ग्रामच्या आसपास ग्लुटेन असतं, म्हणजे २,००० मिलिग्राम. रोज ५० मिलिग्राम ग्लुटेन तीन महिने दिलं तर आतड्याच्या अस्तराला इजा होते, हे चाचण्यांत दिसलं आहे. फुलक्याचा चाळिसावा भाग झाला हा. कणकेत मोजायचं तर अर्ध्या ग्रामहून थोडं जास्त, एक मोठी चिमूट. बहुतेक पेशंटांना दिवसाला १० मिलिग्रामच्या आतलं प्रमाण सोसतं असं मानतात. पोळपाटावर उरलेलं परथन (लाटताना लावायचं कोरडं पीठ) याच्या कितीतरी पट असतं.

दुसरा गैरसमज त्रासावरून अंदाज बांधण्याचा. वाढदिवसाचा केक खाल्ला, काही झालं नाही, म्हणजे चालतो, असं नाही. त्रास न होताही आतड्याची हानी होते आणि ती पुढे रक्त कमी होणं, हाडं ठिसूळ होणं, मुलांची उंची खुंटणं अशा रूपात दिसते.

पाकिटावर ‘ग्लुटेन फ्री’ लिहायचं असेल तर एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमाने किलोला २० मिलिग्रामपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. ‘लो ग्लुटेन’ म्हणजे २० ते १००. ते सीलिअॅकच्या पेशंटासाठी नाही. ‘मल्टीग्रेन’, ‘नाचणी बिस्किट’ आणि ‘बाजरी टोस्ट’ यांवर तर विसंबूच नका. मागे घटक वाचले की बहुतेक वेळा पहिलाच शब्द मैदा किंवा गव्हाचं पीठ असतो.

चक्की: सगळ्यात मोठी गळती

माळव्यात गव्हाशिवाय चक्की चालत नाही, त्यामुळे सगळ्यात जास्त ग्लुटेन इथूनच घरात येतं. चक्कीवाल्याला ‘आधी आमची ज्वारी टाका’ किंवा ‘चक्की झाडून घ्या’ एवढं सांगून भागत नाही. दगडांच्या खाचांमध्ये, वरच्या चाड्यात, खाली बांधलेल्या कापडी नळीत आदल्या दळणाचं पीठ भरलेलं असतं, आणि तुमच्या ज्वारीबरोबर तेच बाहेर पडतं. बेसन, तांदळाचं पीठ, उपासाचं राजगिरा-शिंगाड्याचं पीठ यांनाही हेच लागू. उपासाचं म्हणून ते ग्लुटेनमुक्त ठरत नाही.

परवडत असेल तर छोटी घरघंटी घ्या आणि तिच्यात गव्हाचा दाणाही कधी टाकू नका. जुनी, वापरलेली घरघंटी फुकट मिळाली तरी नको, आतलं पीठ पूर्ण निघत नाही. घरघंटी जमणार नसेल तर तांदूळ धुऊन, वाळवून मिक्सरला फिरवा. दोन-तीन दिवसांपुरतं पीठ सहज निघतं. ज्वारी मिक्सरला थोडी जाडसर राहते, पण उकड काढली की भाकरीला चालते.

दळणाआधीचं कामही टाळू नका. मंडीत ज्वारी, मका आणि गहू त्याच ट्रॉल्यांमधून, त्याच पोत्यांतून फिरतात. गडद रंगाच्या ताटात एक-एक वाटी ज्वारी पसरून निवडा. ज्वारीचा दाणा गोल, गव्हाचा लांबट आणि पोटावर रेघ असलेला, त्यामुळे चटकन ओळखू येतो. मग दोन-तीन पाण्यांनी धुऊन कोऱ्या कपड्यावर वाळवा. एप्रिलमध्ये वर्षाचा गहू ज्या गच्चीवर वाळत असतो, त्याच गच्चीवर त्याच चादरीवर नको.

आणि हो, खपली, शरबती, बाफल्यासाठी (उकडून भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांसाठी) घेतला जाणारा माळवी कडक गहू हे सगळे गहूच. ‘जुन्या काळचा गहू बाधत नाही’ हे सीलिअॅकपुरतं साफ चुकीचं आहे.

स्वयंपाकघर

स्टीलची भांडी साबणाने घासून, नीट विसळून घेतली की पुरे. वेगळा संच लागत नाही. वेगळं लागतं ते असं: पोळपाट-लाटणं (लाकडाच्या चिरांत पीठ बसतं), चाळणी, तवा, परात, लाकडी उलथनं आणि चरे पडलेली नॉनस्टिक भांडी. चाळणीची जाळी कितीही धुतली तरी स्वच्छ होत नाही, ती नवीच आणा.

क्रम ठरवून ठेवा. भाकरी आधी करून झाकून ठेवायची, पोळ्या नंतर. पोळ्यांची कणीक भाकरीच्या शेजारी चाळायची नाही, कारण उडालेलं पीठ उघड्या भांड्यात बसतं.

तुपाचं भांडं हमखास विसरलं जातं. फुलक्याला तूप लावलेला चमचा परत तुपात जातो, आणि तेच तूप पेशंटच्या वरणभातावर. लोणच्याची बरणी, लोणी आणि जॅम यांचंही तसंच. पेशंटसाठी छोट्या वेगळ्या डब्या करून त्यांना रंगीत टेप लावा. पुऱ्या किंवा गव्हाच्या कुरडया तळलेलं तेलही वेगळं ठेवा. तापवल्याने ग्लुटेन नष्ट होत नाही.

घर पूर्ण ग्लुटेनमुक्त करावं का? पेशंट पाच-सहा वर्षांचं मूल असेल तर निदान मैदा, रवा आणि बिस्किटं तरी घराबाहेर काढा. पोळ्या एका ओट्यापुरत्या सांभाळता येतात, बिस्किटाचा चुरा नाही.

गहू जिथे दिसत नाही

मेतकुटात परंपरेने थोडा गहू भाजून घालतात. थालिपिठाच्या बहुतेक भाजण्यांतही तो असतो. दोन्ही घरी गव्हाशिवाय उत्तम होतात; भाजणीत ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद आणि धणे पुरतात. सातूच्या पिठात गहू आणि डाळवं असतं. बाजारचा सत्तू नुसत्या चण्याचा म्हणून घ्यावा तर त्यात पुष्कळदा जव असतो, आणि जवातही ग्लुटेन आहे.

हिंग हा खरा छुपा चोर. आपण रोज वापरतो तो बांधानी हिंग. त्यात डिंकाबरोबर गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. डबीवरचे घटक वाचा. तांदळाच्या पिठाचा हिंग मिळतो, नाहीतर सियागंजाच्या बाजारातून खडा हिंग आणून घरी कुटा, तो कणभर पुरतो. हिंग बदलला की मसाले, पापड, लोणची, शेव यांचाही विचार करावा लागतो, कारण यांतल्या बहुतेकांत तो असतो.

माल्ट म्हणजे बहुधा जव. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी, माल्ट एक्स्ट्रॅक्ट असलेले कॉर्नफ्लेक्स आणि बिअर बंद. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. ओट्स ‘ग्लुटेन फ्री’ लिहिलेलेच घ्या, तेही तब्येत स्थिरावल्यावर आणि डॉक्टरांना विचारून, कारण थोड्या जणांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत.

सत्यनारायणाच्या शिऱ्याला नाही म्हणणं अवघड जातं. वरईचा किंवा तांदळाच्या रव्याचा शिरा करा. सगळ्यांसाठी तोच केला तर प्रश्नच उरत नाही.

भाकरी मोडते, तुटते

थंड पाण्यात मळल्यामुळे तुटते. एक वाटी पिठाला एक वाटी उकळतं पाणी, किंचित मीठ. ढवळून दहा मिनिटं झाका आणि गरम असतानाच मळा. फुलक्यासारखी लाटायची असेल तर वाटीमागे एक छोटा चमचा इसबगोल घाला.

सराफा आणि छप्पन: इंदूरचे खाऊबाजार

पोहे स्वतः निर्दोष. वरची शेव, जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) आणि शेजारच्या जिलबीचा झारा हे धोके. शेव बेसनाची असली तरी ज्या कढईत कचोरी-समोसे तळतात तिथलीच असू शकते, आणि जीरावनात हिंग असतो. साधे पोहे, लिंबू, कांदा एवढंच मागा, शेव घरची सोबत न्या. गराडू (तळलेला कंद) आवडतो, पण तेल कुणाचं हे विचारल्याशिवाय नको. भुट्ट्याचा कीस घरी करण्यासारखा आहे. साबुदाण्याची खिचडी त्यातल्या त्यात सोयीची, मात्र वरचा मिक्श्चर नाकारा. दाल-बाफल्याच्या पंगतीत डाळसुद्धा घेऊ नये असं आमचं मत: वाढपी बाफले कुस्करलेल्या हातानेच पळी धरतो.

सगळं पाळूनही त्रास

निदानानंतर ६ आणि १२ महिन्यांनी टीटीजी करा, पुढे वर्षातून एकदा. आकडा उतरत नसेल तर ग्लुटेन कुठूनतरी येतंय. चक्की आणि हिंगापासून शोध सुरू करा. रोज घेत असलेल्या गोळ्या आणि चूर्णांचे घटकही केमिस्टकडून तपासून घ्या. आकडा नॉर्मल झाला तरी त्याचा अर्थ आतडं पूर्ण भरलं असा होत नाही. मोठ्यांत त्याला दोन वर्षं किंवा जास्तही लागतात.

आकडा उतरला आणि पोट तरीही बिघडत असेल तर आधी दुधाकडे बघा. अस्तर खराब असताना दुधातली साखर पचत नाही. काही आठवडे दूध थांबवून दही-ताक चालतंय का बघा. पुष्कळदा हा त्रास तात्पुरता असतो. तेही नसेल तर लहान आतड्यातली जंतूंची अतिवाढ, मायक्रोस्कोपिक कोलायटिस (सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारी मोठ्या आतड्याची सूज), आयबीएस (आतड्याच्या हालचालीचा बिघाड) अशी कारणं डॉक्टर तपासतात. उलट बद्धकोष्ठ झालं असेल तर जेवण पाहा: भात, बटाटा, साबुदाणा यांत चोथा फारसा नाही. ज्वारी, नाचणी, उसळी, पालेभाज्या वाढवा. लोह, बी१२, फॉलेट आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. मोठ्यांनी हाडांची घनताही.

चुकून खाल्लं गेलं तर

उतारा नाही. ग्लुटेन पचवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या एन्झाइमच्या गोळ्यांवर विसंबून पोळी खाऊ नये, त्यांनी संरक्षण होत नाही. मुद्दाम उलटीही काढू नका. जुलाब असतील तर ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात विरघळवून घोट-घोट घ्या, दोन-तीन दिवस मऊ भात-मुगाचं वरण खा. त्रास काही तासांत सुरू होऊन काही दिवस टिकतो. काय खाल्लं, कुठे खाल्लं, कोणत्या पाकिटातलं, हे त्याच दिवशी वहीत लिहा. पुढच्या भेटीत डॉक्टर तेच विचारतील. शौचातून रक्त, सतत उलट्या, लघवी कमी होणं किंवा वजन उतरतच राहणं यातलं काही दिसलं तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नका. खाल्ल्यावर लगेच अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास अडकला तर ती गव्हाची अॅलर्जी असू शकते. तो वेगळा आजार आहे, त्यात तातडीने दवाखाना गाठावा लागतो.