अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून जाताय? आधी ठराव लिहा

शिक्षक संघटनेच्या राज्य अधिवेशनाची पत्रिका हातात पडली की आपण आधी मंत्री कोण येणार ते बघतो. मीही तेच करायचो. आता आधी बघतो, ठराव कधीपर्यंत पाठवायचे आहेत.

तालुका शाखेकडे नाव नोंदवा आणि प्रतिनिधी शुल्काची पावती लगेच मागून घ्या. ‘नंतर देतो’वर थांबू नका, कारण मांडवात नोंदणीच्या टेबलावर पावती दाखवल्याशिवाय बिल्ला मिळत नाही आणि काही ठिकाणी जेवणाचं कूपनही नाही.

रजेचं मात्र नीट पाहा. अधिवेशनासाठी विशेष किरकोळ रजा मंजूर झाल्याचा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतो, पण त्यावर विसंबून निघू नका. आदेशाची प्रत बघा, त्यात तुमची तारीख आहे का ते वाचा, मुख्याध्यापकांकडे अर्ज देऊन पोच घ्या. द्विशिक्षकी शाळेत दोघांनी एकदम जायचं नाही, हे सांगायला आदेश लागू नये. शाळेला कुलूप दिसलं की गाव आपल्या मागण्या ऐकत नाही.

आता ठराव. बहुतेक प्रतिनिधी इथेच ढिले पडतात. शाळेतल्या सहकाऱ्यांना विचारा, यंदा सगळ्यात जास्त काय अडलं? जुनी पेन्शन तर निघतेच; 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांचा तो जिव्हाळ्याचा प्रश्न, त्यासाठीच मार्च 2023 मध्ये आठवडाभर संप झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालानंतर टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची, धास्ती आहे. आधीपासून नोकरीत असलेल्या आणि सेवेची पाचपेक्षा जास्त वर्षं उरलेल्यांनाही त्या निकालाने ही परीक्षा लागू केली. हे विषय राज्य कार्यकारिणी मांडणारच. तुम्ही तुमच्या तालुक्यात अडकलेलं न्या. सेवेची बारा वर्षं झाली तरी वरिष्ठ वेतनश्रेणीचा प्रस्ताव हलत नाही, मेडिकल बिल टेबलाटेबलावर फिरतंय, असं काहीतरी.

पहिल्या वेळी मी लिहून नेलं होतं, ‘मेडिकल बिले वेळेवर मिळावीत.’ ठराव निवडणाऱ्या विषय नियामक समितीतल्या एका जुन्या गुरुजींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “वेळेवर म्हणजे कधी? आणि द्यायची कुणी?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. ठराव ‘इतर मागण्या’त गेला, म्हणजे गेलाच. पुढच्या वेळी लिहिलं: ‘पंचायत समितीत सादर झालेल्या वैद्यकीय प्रतिपूर्ती देयकावर समितीने तीस दिवसांत निर्णय घ्यावा, त्रुटी असल्यास सर्व त्रुटी एकाच पत्राने कळवाव्यात.’ कोणी, काय, किती दिवसांत, हे तिन्ही त्यात आलं. शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण बिल परत येतं ते दरवेळी नव्या त्रुटीसाठी. खाली सूचक म्हणून स्वतःचं नाव घाला आणि अनुमोदक शक्यतो दुसऱ्या तालुक्यातला धरा. मग प्रश्न तुमच्या एका कार्यालयापुरता उरत नाही. अडलेल्या दोन-तीन प्रकरणांच्या झेरॉक्स सोबत ठेवा, पण नावं आणि आजाराचा तपशील झाकून.

प्रवासाला जिल्हा शाखेची गाडी असते. पांघरूण, पाण्याची बाटली, पेन आणि औषधं घ्या. मुक्काम बहुधा मंगल कार्यालयात नाहीतर शाळेच्या वर्गात, सतरंजीवर. महिला प्रतिनिधींनी राहण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय निघण्याआधीच विचारून घ्यावी. पत्रिकेत ‘उत्तम व्यवस्था’ छापलेलं असतं, त्याचा काही भरवसा नाही.

खुल्या अधिवेशनात हार, स्वागत, भाषणं. पाहुणे उशिरा येतात, टाळ्या मात्र वेळेवर पडतात. तिथे झालेल्या घोषणेला शासन निर्णय समजू नका. तारीख टाकून वहीत तेवढी लिहून ठेवा. जागं राहायचं ते प्रतिनिधी सत्राला. नेमकी तेव्हाच निम्मी माणसं देवदर्शनाला गेलेली असतात. माइक मिळाला तर नाव, तालुका सांगून थेट ठराव वाचा; मान्यवरांच्या नावांत दोन मिनिटं संपतात. ठरावात दुरुस्ती सुचवली गेली तर बदललेलं वाक्य तिथल्या तिथे पुन्हा वाचून घ्यायला सांगा. ‘तीस दिवसांत’चं ‘लवकरात लवकर’ व्हायला वेळ लागत नाही.

निघताना उपस्थिती प्रमाणपत्र घ्या, सोमवारी ते रजेच्या अर्जाला जोडा. महिन्याभराने तालुका शाखेच्या बैठकीत विचारा: आपला ठराव कोणत्या विभागाला गेला, आणि त्याचा जावक क्रमांक काय?