चर्चगेट ते वांद्रे पुठ्ठ्यावर: लहान मुलांबरोबर खेळ बनवताना या चुका टाळा

चार-पाच वर्षांचं मूल बोर्ड गेमला बसत नाही, अशी तक्रार असेल तर आधी गेमकडे बघा. शंभर घरं, डझनभर नियम आणि सहा पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर नाही! एवढ्या वेळात मूल पलंगावर उड्या मारायला गेलेलं असतं. त्यापेक्षा स्वतः बनवलेला छोटा खेळ बरा. पण तो बनवतानाही ठरावीक चुका होतातच.

उदाहरणासाठी मुंबईच्या मुलाला पाठ असलेलाच रस्ता घेऊ. साठ सेंटिमीटर लांबीची पुठ्ठ्याची पट्टी, तिच्यावर पाच-पाच सेंटिमीटरची बारा घरं: चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी, लोअर परळ, प्रभादेवी, दादर, माटुंगा रोड, माहीम, वांद्रे. प्रत्येक स्टेशनला १ ते १२ आकडा. सोंगटी म्हणजे प्रवासी. जो आधी वांद्र्याला उतरेल तो जिंकला.

सगळं आपणच बनवणं

आई रेघा मारते, बाबा कटर चालवतात, ताई रंग भरते. ज्याच्यासाठी खेळ, तो ‘झालं का?’ विचारत बसतो. कटर मोठ्यांकडेच हवा, त्यात वाद नाही. पण स्टेशनांचे चौकोन रंगवणं, चिकटवणं हे मुलाचं काम. ‘लोअर परळ’ तिरकं चिकटलं तर तिरकंच राहू द्या. रात्री गुपचूप सरळ कराल तर सकाळी पकडले जाल.

याच्या उलट चूक म्हणजे पूर्ण बनल्याशिवाय खेळायचंच नाही, हा हट्ट. चर्चगेट ते मुंबई सेंट्रल एवढी पाच घरं झाली की एक डाव खेळून घ्या. उरलेली स्टेशनं उद्या. लाइन वाढत जाते तशी मुलाची गोडीही वाढते, आणि कुठला नियम फसतोय ते पाचव्या घरापर्यंतच कळतं. २००९ साली लेगोने बांधून खेळायच्या बोर्ड गेमची मालिका आणली होती. तिच्यातल्या फाशाच्या बाजूंवरचे तुकडे काढून दुसरे बसवता येत. खेळून बघायचं, मग बदलायचं, ही सोय घरच्या पुठ्ठ्यावर तर फुकटच आहे. फक्त बदल दोन डावांच्या मध्ये आणि एका वेळी एकच. चालू डावात मुलाने नवा नियम काढला तर ‘हा डाव संपू दे, पुढच्या डावात घेऊ’ एवढं पुरतं.

पुठ्ठा वळतो, शाई पसरते

जुलैत ही तक्रार हमखास. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला कागद चिकटवला की ओला कागद आधी फुगतो, मग वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. पट्टीची होडी होते. मागच्या बाजूलाही तेवढाच कागद चिकटवा, दोन्हीकडची ओढ सारखी होते. मग रात्रभर गादीखाली किंवा तांदळाच्या डब्याखाली दाबून ठेवा. पावसाळ्यात फेव्हिकॉलला एक रात्र पुरली नाही तर दुसरीही द्या. स्केचपेन घामट बोटांनी पुसटतं, म्हणून वरून रुंद पारदर्शक चिकटपट्टी मारा. मे महिन्यात पंखा बंद करा असं मुंबईत कुणालाही सांगण्यात अर्थ नाही, म्हणून कागदी सोंगट्या नकोत. बाटल्यांची झाकणं घ्या, ती उडत नाहीत.

नेहमीचा फासा

बारा घरांवर १ ते ६ चा फासा टाकला तर खेळ तीन-चार फेऱ्यांत आटोपतो. ठोकळ्याच्या सहा बाजूंवर १, २, ३ हेच आकडे दोन-दोनदा लिहा, सारखे आकडे समोरासमोरच्या बाजूंवर. सरासरी दोन घरं पुढे जातात, अकरा उड्यांना साधारण सहा फेऱ्या लागतात. दोघांचा डाव दहा मिनिटांत संपतो आणि मूलच म्हणतं, ‘अजून एक.’ आकड्यांऐवजी ठिपके काढले तर आकडे न ओळखणारं मूलही खेळू शकतं.

उभं आहे तेच घर मोजणं

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. सोंगटी ग्रँट रोडवर आहे, फाशावर तीन. मूल ग्रँट रोडवरच बोट ठेवून ‘एक’ म्हणतं, मुंबई सेंट्रल ‘दोन’, महालक्ष्मी ‘तीन’. जायला हवं होतं लोअर परळला. आपण म्हणतो, ‘चुकलं, परत मोज.’ ते परत तसंच मोजतं, कारण त्याच्या हिशेबाने बरोबरच आहे: बोट तीन घरांवर पडलं.

इथे लोकलचा खरा उपयोग होतो. प्रत्येक उडीला मुलाने गाडीतली घोषणा करायची. ‘पुढील स्टेशन, मुंबई सेंट्रल.’ उडी. ‘पुढील स्टेशन, महालक्ष्मी.’ उडी. ‘पुढील स्टेशन, लोअर परळ.’ ज्या स्टेशनात उभे आहोत त्याची ‘पुढील स्टेशन’ म्हणून घोषणा होत नाही, हे मुंबईच्या पोराला वेगळं शिकवावं लागत नाही.

हे जमलं की आकड्यांवर या. ग्रँट रोड ४ वर आहे, तर तीन उड्या ‘एक, दोन, तीन’ अशा न मोजता ‘पाच, सहा, सात’ अशा मोजायच्या. अमेरिकेत गीता रमणी आणि रॉबर्ट सीग्लर यांनी २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. बालवाडीच्या वयाची मुलं १ ते १० आकड्यांच्या सरळ पट्टीवर दोन आठवड्यांत चार बैठका खेळली आणि त्यांची आकड्यांची समज वाढली. ज्यांच्या पट्टीवर आकड्यांऐवजी नुसते रंग होते, त्या मुलांना हा फायदा झाला नाही. पुढे २०१४ च्या अभ्यासात एलिडा लास्की आणि सीग्लर यांना दिसलं की दर वेळी एकपासून मोजण्यापेक्षा उभ्या घराच्या पुढून मोजणारी मुलं जास्त शिकतात. तेव्हा पट्टी सरळ ठेवा, आकडे गाळू नका आणि सापशिडीसारखी वळणं घेऊ नका.

मोठ्यांचे नियम

‘सहा पडल्यावरच सुरुवात’ हा नियम लहानांना छळणारा आहे. सहा वेळा फासा टाकूनही सहा न पडण्याची शक्यता जवळपास तीनात एक असते. ‘बरोबर आकडा पडला तरच वांद्रे’ हाही सोडा, जास्त पडले तरी पोचला म्हणा. ‘एक पाळी चुकव’ तर नकोच, मुलाला ती शिक्षाच वाटते.

गंमत हवी तर दोन घरं पुरेत. मुंबई सेंट्रलवर थांबलात तर फास्ट मिळाली, थेट दादर. माहीमवर थांबलात तर मेगाब्लॉक, परत दादर. ‘गाडी मागे कशी जाईल?’ हा प्रश्न येणारच. सोंगटी प्रवासी आहे, गाडी नव्हे. उतरून उलट्या दिशेची लोकल पकडली, असं सांगा. मोटरमनवर ढकलू नका, तो मुद्दा मुलं ताणतात.

हरल्यावर रडारड

दर वेळी मुद्दाम हरणं मुलं लवकर ओळखतात, आणि दर वेळी हरवणं तर निर्दयपणाच. या खेळात फाशाशिवाय काही नाही, त्यामुळे तुम्हाला हरायचं नाटक करावंच लागत नाही. सोंगटी गुपचूप एक घर पुढे सरकली तर ‘रडीचा डाव’ म्हणून ओरडू नका. ‘चल, घोषणा करून परत येऊ’ म्हणा. आणि आधी कोण पोचलं यावर भांडण पेटत असेल तर आठवडाभर सगळ्यांची मिळून एकच सोंगटी ठेवा, आळीपाळीने फासा टाका.

चौघं-पाच जणं असतील तर जोड्या लावा. आजी-नातू एक भिडू, बाबा-ताई दुसरा. आपली पाळी यायला पाच मिनिटं लागली की चार वर्षांचं मूल उठतं.

धाकट्या भावंडाला ‘तू बघ’ म्हणून बाजूला बसवाल तर ते पट्टीवरच येऊन बसेल. त्याला कच्चा लिंबू करा आणि फासा टाकायचं काम द्या. तीन वर्षांखालचं मूल असेल तर चिंचोके, कवड्या, बटणं, छोटे ब्लॉक काहीच नको. खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. तिच्यात पूर्ण मावेल ती वस्तू या वयाला घशात अडकण्याच्या दृष्टीने धोक्याची. साधं झाकणही त्यात येतं, म्हणून सोंगटीला मुठीत न मावणारा मोठा ठोकळा घ्या. क्रॉफर्ड मार्केटातून विकतचे ब्लॉक आणलेत तर आयएसआय शिक्का बघा, १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना तो सक्तीचा आहे.

पट्टी माळ्यावर टाकू नका, तिथे ती पुन्हा वळते; कपाटामागे सपाट उभी ठेवा. आणि फासे दोन बनवा, एक पलंगाखाली जातोच.