पहिला रोल घरी धुवायचाय? मग यादी बाथरूमपासून सुरू करा

माळ्यावरचा जुना कॅमेरा खाली आला की माणूस आधी रोल मागवतो, रविवारी कासच्या रस्त्याला लागतो आणि ३६ फोटो संपल्यावर विचारतो, आता हा धुवायचा कुठे? पूर्वी गल्लीतल्या स्टुडिओत रोल टाकला की दोन-चार दिवसांत पाकीट हातात यायचं. आता त्याच काउंटरवर पासपोर्ट फोटो आणि लग्नाचे अल्बम चालतात. साताऱ्यातून रोल पुण्या-मुंबईला कुरियर करता येतो, पण घरी धुण्यात जी गंमत आहे ती त्यात नाही, आणि ब्लॅक अँड व्हाइट रोल घरी धुणं वाटतं तेवढं अवघडही नाही. फक्त तयारी उलट्या क्रमानं करायची. आधी बाथरूम, मग कॅमेरा, आणि फिरायला जाण्याचा बेत सगळ्यात शेवटी. काढलेला रोल पावसाळ्यात महिनोन् महिने कपाटात पडून राहिला तर त्यावरची प्रतिमा फिकी पडत जाते. ‘केमिकल आलं की धुऊ’ म्हणून ठेवलेले रोल बहुतेक तसेच राहतात. रंगीत रोलचा विचार तूर्त सोडा. त्याला डेव्हलपर, म्हणजे रोलवरची प्रतिमा उमटवणारं केमिकल, ३८ अंशांना जवळजवळ काटेकोर लागतो, ते नंतर.

सगळ्यात आधी केमिकल मागवा, कारण तेच यायला वेळ लागतो. डेव्हलपर म्हणून डी-७६ घ्या. पावडर येते, कोमट नव्हे तर चांगल्या गरम, ५०-५५ अंशांच्या पाण्यात विरघळवायची, रात्रभर ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी वापरायची. पावडर थोडी थोडी करून वापरू नका, पुडी फोडली की पूर्ण करा, कारण आतले घटक सारखे मिसळलेले असतीलच असं नाही. तयार द्रावण काठोकाठ भरलेल्या बाटलीत सहा महिने टिकतं, अर्ध्या बाटलीत फार तर दोन. रंग गुळाच्या चहासारखा झाला की सरळ फेकून द्या, रोलवर प्रयोग नको. दुसरी बाटली फिक्सरची, म्हणजे उमटलेली प्रतिमा पक्की करणाऱ्या केमिकलची, ज्याला जुने फोटोग्राफर अजून ‘हायपो’च म्हणतात. मधल्या स्टॉप बाथसाठी, म्हणजे डेव्हलपरचं काम थांबवायला, वेगळं काही आणलं नाही तरी चालतं, साध्या पाण्यानं दोनदा खळबळून घेतलं तरी काम होतं. शेवटच्या धुण्यासाठी फोटोफ्लोसारखं वेटिंग एजंट, म्हणजे फिल्मवरून पाणी थेंब न राहता निथळावं म्हणून, थेंबभरच लागतं.

बाटल्यांबद्दल एकच सांगणं, आणि ते जरा दरडावूनच. बिसलेरीच्या, सरबताच्या, कोल्ड्रिंकच्या बाटलीत केमिकल भरायचं नाही. घरात लहान मूल असो वा नसो. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात तपकिरी बाटल्या मिळतात, त्या घ्या आणि वर मार्करनं नाव आणि तारीख लिहा. त्याच दुकानातून काचेचा लांब थर्मामीटर आणि मेजरिंग सिलिंडर आणा. ताप बघायचा थर्मामीटर इथे कामाचा नाही, तो ३५ अंशांच्या खाली काही दाखवतच नाही. थोडं थोडं मोजायला मेडिकलमधली सुईशिवायची सिरिंज उत्तम. स्वयंपाकघरातली भांडी या कामाला घेतलीत तर ती परत स्वयंपाकघरात जाता कामा नयेत.

आता पाणी. डी-७६ च्या तक्त्यातली वेळ २० अंशांची असते, आणि साताऱ्यात नळाचं पाणी थंडीचे दोन महिने सोडले तर २० अंशांवर नसतं. पाणी गरम असलं की डेव्हलपर घाई करतो. एचपी५ हा ४०० चा (हा आकडा रोल उजेडाला किती संवेदनशील ते सांगतो) रोल पातळ न केलेल्या डी-७६ मध्ये २० अंशांना साडेसात मिनिटं धुतात. २४ अंशांना हीच वेळ सव्वापाच-साडेपाच मिनिटांवर येते, आणि पाच मिनिटांच्या आसपास गेलं की ओतण्या-काढण्यातली थोडीशी दिरंगाईही निगेटिव्हवर डाग होऊन दिसते. म्हणून आपल्याकडे डेव्हलपर निम्मं पाणी घालून वापरावा, असं माझं ठाम मत आहे. एकास एक केला की २० अंशांना ११ मिनिटं, २४ अंशांना साधारण पावणेआठ. हातात वेळ राहतो, डेव्हलपरही पुरतो, फक्त एकदा वापरून टाकून द्यायचा. मे महिन्यात मात्र बर्फ लागणारच. बर्फ थेट केमिकलमध्ये टाकायचा नाही, पिशवीत बांधून घमेल्यातल्या पाण्यात टाकायचा आणि बाटल्या त्या घमेल्यात उभ्या करायच्या. डेव्हलपरइतकंच थंड पाणी धुण्यासाठीही काढून ठेवा. एका अंगाला २० अंश आणि लगेच नळाचं २९ अंश असा धक्का फिल्मच्या मऊ झालेल्या थराला सोसत नाही.

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं, आणि बोअरचं असेल तर जड. दोन्हींचे पांढरे ठिपके वाळलेल्या निगेटिव्हवर राहतात. शेवटचं धुणं तेवढं डिस्टिल्ड वॉटरमध्ये करा. ते बॅटरीच्या दुकानात ‘बॅटरीचं पाणी’ म्हणून मागितलं की मिळतं. कॅन घेताना ते ॲसिडचं नाही ना, एवढं विचारून घ्या.

अंधाराची तयारी ही या यादीतली सगळ्यात कमी लेखली जाणारी गोष्ट. सिनेमात दाखवतात तो लाल दिवा कागदासाठी असतो. ब्लॅक अँड व्हाइट रोल लाल उजेडानंही खराब होतो, त्यामुळे तिथे ठार काळोख पाहिजे. गंमत म्हणजे अंधार फक्त रोल रिळावर चढवून टँकचं, म्हणजे रोल धुवायच्या बंद डब्याचं, झाकण लावेपर्यंतच लागतो, पुढचं सगळं दिव्याच्या उजेडात. पेठेतल्या जुन्या घराचं बिनखिडकीचं माजघर असेल तर नशीबवान आहात. नसेल तर रात्री बाथरूम. दाराखाली सतरंजी लावा, पाच मिनिटं आत नुसते उभे राहा आणि डोळे सरावल्यावर काय काय दिसतं ते बघा. गिझरचा तांबडा दिवा, इन्व्हर्टरचा हिरवा ठिपका, मनगटावरचं घड्याळ, बाहेरच्या सोसायटीचा हॅलोजन, हे सगळे तेव्हाच सापडतात. लोडशेडिंग झालं तर काही मिनिटं फुकटची डार्करूम, पण त्या भरवशावर राहू नये. दोन बाह्या असलेली चेंजिंग बॅग विकत मिळते, ती घेतली तर हा सगळा उपद्व्याप वाचतो. मात्र दमट हवेत आत हात घामेजतात.

आणि हा घामच रोल अडकवतो. प्लास्टिकचं रीळ जरा जरी ओलं असेल तर फिल्म अर्ध्यावर जाते आणि तिथेच रुतते. तेव्हा रीळ आदल्या दिवशीच धुऊन कडकडीत वाळवा, जुलै-ऑगस्टात तर हेअर ड्रायर फिरवा. एक मुदत संपलेला, फेकायच्या लायकीचा रोल मिळवा आणि तो आधी उजेडात बघून, मग डोळे मिटून, मग खरंच अंधारात चढवायचा सराव करा. तोंडाकडचे दोन्ही कोपरे कात्रीनं किंचित गोल कापले की फिल्म सरकन जाते. अंधारात हाताला लागणाऱ्या वस्तूंची जागा ठरलेली हवी: डावीकडे टँक, त्याच्या मधली नळी, झाकण, उजवीकडे कात्री आणि रोलचं टोपण उघडायला बाटलीचा ओपनर. त्या नळीकडे विशेष लक्ष, कारण ती राहिली तर बंद टँकमध्येही उजेड शिरतो.

एवढं जमलं की मग कॅमेरा. आपल्या घरांत सापडतात ते बहुतेक याशिका, झेनिट, पेंटॅक्स, नाहीतर बडोद्याला बनलेला आगफा क्लिक थ्री. क्लिक थ्रीला ३५ मिलिमीटरचा रोल चालत नाही, त्याला रुंद १२० चा लागतो आणि १२ चौकोनी फोटो येतात. कुठलाही असो, मागचं दार उघडून उजेडाकडे धरा आणि एकेका वेगावर शटर दाबून आरपार बघा. एका सेकंदाचा वेग खरंच सेकंदभर उघडा राहतो का, ते कानालाही कळतं. दाराच्या खाचेतला काळा फोम बोटाला डांबरासारखा चिकटला तर तो कुजला आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं काढून टाका आणि तात्पुरती काळी लोकर चिकटवा. लेन्समधून टॉर्च मारून बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. महाबळेश्वरच्या बाजूच्या घरांत ती हमखास असते. थोडी असेल तर फोटोवर फारसा फरक पडत नाही, पण ती लेन्स दुसऱ्या लेन्सशेजारी ठेवू नका. बॅटरीच्या कप्प्यात हिरवा साका असेल तर व्हिनेगरनं पुसा. जुन्या काही कॅमेऱ्यांना १.३५ व्होल्टची मर्क्युरी बॅटरी लागायची, ती आता बनत नाही, आणि दीड व्होल्टची घातली की मीटर चुकीचं बोलतो. अशा वेळी मोबाइलवरचं लाइट मीटर ॲप घ्या, किंवा सरळ ठोकताळा: कडक उन्हात एफ १६ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) आणि शटर रोलच्या आकड्याइतकं, म्हणजे ४०० च्या रोलला १/५००. ढगाळ असेल तर एफ ८. श्रावणात दर पाच मिनिटांनी हे बदलत राहतं.

पहिला रोल ४०० चाच घ्या, आणि तोही एकाच जातीचा दोन-तीनदा. दर वेळी नवी फिल्म घेतली तर बिघडलं कशामुळे ते कधीच कळत नाही. एकेकाळी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल देशभर चालायचा, आता आपण आयात मालावर आहोत, त्यामुळे एकेक फोटो जपून काढावा लागतो. मुदतीची तारीख बघा, आणि रोल गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा उन्हातल्या डिकीत ठेवू नका. भरताना घरीच, सावलीत भरा. पुढे सरकवण्याची कळ ओढल्यावर डावीकडची रोल गुंडाळायची खुंटी उलटी फिरते का ते बघा. ती फिरत नसेल तर फिल्म आत पकडलीच गेलेली नाही आणि तुम्ही दिवसभर हवेचे फोटो काढणार आहात.

आता कुठे जायचं. लोक म्हणतील कास. मी म्हणेन, पहिल्या ब्लॅक अँड व्हाइट रोलला कास नको. तेरड्याचा गुलाबी आणि गवताचा हिरवा डोळ्यांना कितीही वेगळा दिसला तरी करड्या रंगात दोन्ही जवळजवळ एकच होतात, आणि सगळं पठार सपाट चिखलासारखं येतं. पिवळी सोनकी पिवळा फिल्टर लावून जरा उठते, पण तो खटाटोप पुढच्या वर्षी. त्यापेक्षा लिंबची बारामोटेची विहीर गाठा. अठराव्या शतकातली दगडी विहीर, सुमारे ५० फूट व्यासाची, वर मोटांच्या जागा, आत उतरायला पायऱ्या आणि विहिरीतच बांधलेला छोटा महाल. दगड, सावली आणि वरून पडणारं ऊन, ब्लॅक अँड व्हाइटला आणखी काय पाहिजे?

तिथे अडचण एकच, वरच्या काठावर कडक ऊन आणि खाली काळोख, मध्ये चार-पाच स्टॉपचं अंतर (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). निगेटिव्हला जास्त उजेड सोसतो, कमी सोसत नाही. म्हणून ज्या सावलीत दगडाचा पोत दिसायला हवा, तिथलं रीडिंग घ्या आणि, मीटर सावलीलाही मधला करडा करायला बघतो म्हणून, त्याच्यापेक्षा दोन स्टॉप कमी द्या. वरचं ऊन त्याचं तो रोल सांभाळतो. सगळ्या रोलभर असाच उजेड मिळाला तर ४०० चा रोल २०० समजून काढायचा आणि धुताना वेळ पाचव्या हिश्श्यानं कमी करायची. आत १/३० च्या खाली जाल तर कॅमेरा कठड्यावर टेकवा. पट्टा गळ्यात असू द्या, खाली पाणी आहे. खिशात छोटी वही आणि पेन्सिल ठेवा, पावसात पेनची शाई पसरते, आणि फोटोचा नंबर, एफ, शटर एवढंच लिहा. सकाळ मोकळी असेल तर संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठावरची देवळं आणि दीपमाळ आहेच.

परत आल्यावर त्याच रात्री धुवायची घाई नको, पण आठवडाही लावू नका. त्या रात्री सगळ्या बाटल्या ओट्यावर वापराच्या क्रमानं मांडा, हातमोजे घाला, खिडकी-एक्झॉस्ट चालू ठेवा आणि घरच्यांना तासभर बाथरूम मिळणार नाही हे आधीच सांगा. मोबाइलवर टायमर लावा. डेव्हलपर ओतल्यावर टँक ओट्यावर दोनदा आपटा म्हणजे बुडबुडे निघतील, मग दर मिनिटाच्या सुरुवातीला चार वेळा उलटा-सुलटा करा. जोर लावून घुसळू नका. फिक्सरची वेळ ठरवायला रोलचा कापलेला तुकडा आधी उजेडात फिक्सरमध्ये टाका. तो जितक्या वेळात पारदर्शक होईल त्याच्या दुप्पट वेळ रोलला द्यायची. पारदर्शक व्हायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागायला लागला की फिक्सर संपला. धुताना नळ अर्धा तास सोडून ठेवायची गरज नाही: टँक पाण्यानं भरून पाच वेळा उलटा, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा, आणि मग ते बॅटरीचं पाणी.

वाळत घालण्याआधी बाथरूममध्ये गरम पाण्याची वाफ करून ठेवली तर हवेतली धूळ खाली बसते. वर एक चिमटा, खाली दोन जड चिमटे, आणि सकाळपर्यंत कुणी आत पंखा लावणार नाही याची व्यवस्था.

वापरलेला फिक्सर मात्र मोरीत ओतू नका, त्यात तुमच्या रोलमधली चांदी उतरलेली असते. जुने स्टुडिओवाले तो साठवून चांदी काढणाऱ्यांना विकायचे. आणि चांदी गाळणं म्हटलं की शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूरकडच्या गलाईवाल्यांचं नाव निघतंच, देशभर सोन्या-चांदीची गलाई करणारी माणसं ती. तुमच्या लिटरभर हायपोतून कुणाची पैंजणं होणार नाहीत, तरी कॅनमध्ये साठवा आणि शोषखड्ड्यापासून, विहिरीपासून लांब ठेवा. निगेटिव्ह सहा-सहाच्या पट्ट्यांत कापून पाकिटात घाला आणि पाकिटावर तारीख, रोल, पाण्याचं तापमान आणि किती मिनिटं धुतला ते लिहा. पुढच्या रोलला तक्त्यापेक्षा तेच आकडे जास्त उपयोगी पडतील.