फर्स्ट इयरचं ब्रेनस्टेम: मी कुठे आपटलो

ब्रेनस्टेम म्हणजे मेंदूला पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूशी जोडणारा देठ: वर मिडब्रेन, मध्ये पॉन्स, खाली मेडुला. मेडिकलच्या फर्स्ट इयरला फिजिओच्या (शरीरक्रियाशास्त्राच्या) व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, मॅडमनी विचारलं, "झोपेत श्वास कोण चालवतं?" मी मेडुला, डीआरजी, व्हीआरजी, न्यूमोटॅक्सिक सेंटर अशी श्वासकेंद्रांची सगळी नावं एका दमात ओकून टाकली. मॅडम म्हणाल्या, "नावं आली. आता श्वास रोखून धरलास, तर शेवटी तोंड उघडायला तुला कोण भाग पाडतं?" मी म्हणालो, ऑक्सिजन. पुढचा प्रश्न त्यांनी शेजारच्याला विचारला.

खरं तर हे उत्तर मला गावच्या विहिरीवरच कळायला हवं होतं. बुडी मारायच्या आधी मोठी पोरं काठावर उभी राहून भराभर वीस-पंचवीस श्वास घ्यायची, म्हणजे खाली जास्त वेळ राहता येतं. येतंही. पण त्या श्वासांनी ऑक्सिजनचा साठा फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड तेवढा उडून जातो. एरवी हा वायू रक्तातून मेंदूभोवतीच्या पाण्यात झिरपतो, तिथली आम्लता वाढते, मेडुलाच्या पुढच्या पृष्ठभागालगतच्या पेशींना ती जाणवते आणि त्या श्वासकेंद्राला टोचणी लावतात. मानेतल्या कॅरोटिड बॉडी नावाच्या बारीक गाठी ऑक्सिजनवर लक्ष ठेवून असतात, पण त्यांचा खरा आरडाओरडा सुरू होतो तो ऑक्सिजनचा रक्तातला दाब पाऱ्याच्या 60 मिमीच्या खाली घसरल्यावर. टोचणीच घालवली, की वर यावंसं वाटायच्या आत माणूस पाण्याखाली बेशुद्ध होऊ शकतो. आम्ही सगळे वाचलो हे नशीब.

तेव्हा धडा उघडण्याआधी खुर्चीत बसून (खुर्चीतच, पाण्यात नाही) मोबाइलवर वेळ लावा आणि श्वास रोखा. शेवटी पोटाजवळ जे आचके बसतात, ती तुमच्या मेडुलाची ओळख. मग नावं वाचा. श्वासाचा ठेका धरणारा पेशींचा पुंजका 1991 मध्ये उंदरांच्या पिलांच्या मेडुलाच्या पातळ कापांत सापडला. काप बशीत ठेवला तरी ठेका चालूच! त्याचं नाव प्री-बॉट्झिंगर कॉम्प्लेक्स. त्यातलं बॉट्झिंगर हे मूळ जर्मन वाइनचं नाव, आणि एवढ्यानेच मला ते कधी विसरायला झालं नाही. मॉर्फिनचा डोस जास्त झाला की श्वास मंदावतो, त्यात या पेशींवर होणाऱ्या परिणामाचा मोठा वाटा असतो.

रिफ्लेक्सेस (आपोआप होणाऱ्या प्रतिक्रिया) ब्रेनस्टेमच्या मजल्यांप्रमाणे शिका; मेंदूतून निघणाऱ्या नर्व्हना क्रमांक असतात. डोळ्याच्या बाहुलीवर टॉर्च मारला की निरोप दुसऱ्या नर्व्हने मिडब्रेनला जातो आणि तिसरीने परत येतो. बुबुळाच्या कडेला कापसाचा तंतू लावला की पाचवीने पॉन्सला, सातवीने परत. गॅग (घशाला स्पर्श झाला की येणारा उमासा) नववी-दहावीचा, मेडुलातला. कोष्टक भिंतीवर चिकटवू नका, रूममेटवर टॉर्च मारा.

निरोप पोचूनही उत्तर येत नाही, असं होतं का? मी इंटर्न असताना पहाटे एक शेतमजूर कॅज्युअल्टीत आला. रात्री जमिनीवर झोपलेला, पोटात दुखतंय म्हणून उठला, मग पापण्या जड, मग श्वास उथळ. मण्यार. चावल्याची खूण शोधूनही सापडेना. दुपारपर्यंत तो व्हेंटिलेटरवर होता, बाहुल्या मोठ्या, टॉर्चला हलत नव्हत्या, बुबुळाला कापूस लावला तरी पापणी मिटेना. मी त्याच्या उशाशी उभा राहून म्हणालो, "ब्रेनस्टेम गेलंय." रेसिडेंटनी मला हाताला धरून बाहेर काढलं. "विष नर्व्हच्या टोकाशी काम करतं. केंद्र ओरडतंय, स्नायूपर्यंत आवाज जात नाही. आणि त्याला ऐकू येत असेल, गाढवा." काही दिवसांनी नळी निघाली. त्याला ऐकू आलं होतं.

भारतात 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने ब्रेनस्टेम डेथ, म्हणजे ब्रेनस्टेम कायमचं बंद पडल्याचं, ठरवताना तपासण्या किमान 6 तासांच्या अंतराने दोनदा कराव्या लागतात, आणि त्याआधी विष, औषधं, स्नायू लुळे पडणं हे सगळं वगळावं लागतं. शेवटच्या अ‍ॅप्निया टेस्टमध्ये ऑक्सिजन देत राहून व्हेंटिलेटर काढतात, कार्बन डायऑक्साइडचा दाब 60 मिमीपर्यंत चढू देतात आणि छाती हलते का बघतात. विहिरीवरचाच प्रश्न, उलट्या बाजूने.

आधी वगळायच्या गोष्टींच्या याच यादीत शरीराचं घसरलेलं तापमानही असतं, कारण गार पडलेल्या माणसाचे रिफ्लेक्स मेंदू शाबूत असूनही नाहीसे होतात. तापमानावर प्रश्न आला की आपण हायपोथॅलॅमस (ब्रेनस्टेमच्या वरचा, मेंदूच्या तळाचा भाग) लिहून मोकळे होतो. थर्मोस्टॅट तिथेच आहे. पण त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळायचा, ब्राउन फॅट (उष्णता तयार करणारी चरबी) पेटवायचा, हुडहुडी भरवायचा हुकूम मेडुलातल्या राफे पॅलिडस या पेशींच्या पुंजक्यामार्गे खाली उतरतो. पॉन्समध्ये मोठा रक्तस्राव झालेल्या पेशंटला टाचणीएवढ्या बाहुल्यांसोबत भणभणून ताप चढू शकतो. उत्तरात ही एक ओळ घाला. त्या व्हायवाच्या पुढच्या वर्षी मी ती लिहिली, तेव्हा परीक्षकांनी पेपरवरून मान वर करून माझ्याकडे पाहिलं होतं.