पोलंडचं झालिपिये, म्हणजे भिंतींवर फुलं रंगवलेल्या घरांचं गाव, बघायचंय? मग असं करा
सोलापुरातून निघतानाच कडक भाकरी अन् शेंगाचटणी बॅगेत टाका, तिकडचं जेवण आपल्याला फिकंच लागणार. क्राकूववरून ट्रेननं तार्नूव गाठा, पुढं साधारण ३० किमी, सरळ टॅक्सी करा, बसच्या नादात दिवस जातो. पूर्वी इथं चुलीच्या धुरानं भिंती काळ्या पडायच्या म्हणून बायका डागांवर चुना मारायच्या, मग त्या चुन्याच्या ठिपक्यांची हळूहळू फुलं झाली, आता विहीर अन् कुत्र्याचं खोपटं पण रंगवलेलं! आधी इथल्या नावाजलेल्या चित्रकार फेलित्सिया त्सुरिवोवा बाईंचं घर बघा, त्या १९७४ ला गेल्या, आता तिथं म्युझियम आहे. १९४८ पासून मे-जूनच्या सुमारास घरं रंगवायची स्पर्धा असते, त्यामुळं जूनमध्ये गेलात तर रंग ताजे दिसतील. अन् हो, लोक राहतात तिथं, न विचारता अंगणात शिरू नका.